मामीची पनी आणि सैल पट्टा

...नाही, मी काय म्हणतो, स्वेटर एक घाला, दोन घाला, पण तीन? तुम्हाला सांगतो, बाहेर तेवीस डिग्री! टीव्हीवालाच म्हणाला होता. पण चेन्नईत तेवीस म्हणजे आमच्या कनकामामीला बर्फच पडला. अनन्या, मामीची मुलगी, वय वर्षं दीड, आणि तिला पहाटे साडेपाचला एग्मोर स्टेशनला न्यायचं, का, तर मामीचे अप्पा तंजावरहून गाडीने येतायत आणि उतरल्या उतरल्या त्यांना नातीचं तोंड दिसलं पाहिजे. बरं. आधी बनियन, मग झबलं, मग स्वेटर, स्वेटर, स्वेटर, त्यावर मामीच्या भावाने कॅनडाहून पाठवलेला गादीसारखा फुगलेला कोट, वर माकडटोपी... तोंड कसलं दिसतंय, नुसतं नाक! तर म्हणे पनी लागेल. आमच्यात बोलायचं मराठीत, पण पहाटेच्या दवाला पनी, तमिळच, आणि ती पनी एकदा डोक्यात शिरली की मामीच्या मते माणूस गेलाच.

त्याच भावाने गाडीतली लहान मुलांची खुर्ची पण पाठवलेली, पट्टेवाली. एवढ्या कोटावरून पट्टे लागेनात. मधुसूदनमामांनी काय करावं? पट्टे सोडत सोडत पार शेवटपर्यंत सैल केले, टक्‌ करून लावले, झालं. मी कोट दाबून बघितला, तर पट्ट्याखाली माझी अख्खी मूठ गेली. म्हटलं, मामी, सैल आहे, पोर निसटेल. तर मामी, नाकातून बोलते ती, "गप रे मानाजी. काल माझ्या डब्यात रबरी पाल कुणी ठेवली?" आता पालीचा आणि पट्ट्याचा काय संबंध?

निघालो. मामी पुढे, मी मागे पोरीशेजारी. पनी शिरू नये म्हणून काचा बंद, एसी बंद... आणि बाहेर तेवीस डिग्री!

माउंट रोडला एक ऑटो आडवी आली. मामांनी कचकन ब्रेक दाबला. कोट जागेवर राहिला आणि अनन्या कोटाच्या आत खाली घसरली, छातीवरचा पट्टा थेट गळ्याशी. मी पट्टा धरला आणि म्हटलं, मामा, थांबवा. मामा कशाला थांबवतायत? गेल्या रविवारी मीच पंक्चर पंक्चर म्हणून त्यांना दोनदा खाली उतरवलेलं. "डेय, आज नको हां," एवढंच बोलले आणि गियर टाकला.

आणि पोर रडेना. ही पोरगी, तुम्हाला सांगतो, अंगावर माशी बसली तरी आमची तिरुवल्लिकेणीची अख्खी गल्ली उठवते, आणि आता नुसती पडून, तोंड लालभडक, डोळे अर्धे मिटलेले. मस्करी नाही म्हटलं, शपथ म्हटलं, देवाचं नाव घेतलं, तर मामी म्हणते, कालही देवाचंच घेतलं होतंस. मग काय करू? एका हाताने पट्टा गळ्यापासून वर धरला, दुसऱ्याने मामीचा हात मागे खेचला आणि पोरीच्या मानेत घातला.

मामीने हात बाहेर काढून बघितला. ओलाचिंब.

"अहो, थांबवा," म्हणाली. इतकं हळू मी तिला कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

कडेला घेतली. कोट काढला, स्वेटर, स्वेटर, स्वेटर... संपेचनात! टोपी काढली, काच खाली केली, वारा आला, आणि मग एक क्षण काहीच नाही... आणि मग जी किंचाळली ना! समोरचा चहावाला गाळणी टाकून बघायला आला. मामी रडायला लागली, मामा उगाच आरसा पुसायला लागले. बाहेर तेवीस डिग्री, आणि आम्ही तिघंही घामाघूम.

मग नुसत्या झबल्यावर पट्टा ओढला, चिमटीत येईना इतका घट्ट, आणि शाल पट्ट्याच्या वरून, नुसती पांघरून. मामीच म्हणाली, "मानाजी, तूच बघ रे एकदा." बघितलं.

तेच चुकलं. आता गाडी कुठेही निघू दे, देवळात, दवाखान्यात, भाजीला, मी अंथरुणात असलो तरी दारात हॉर्न, "ये रे, पट्टा बघ." आयुष्यात एकदा खरं बोललो हो, एकदाच... तर माझ्यासारख्या दहावी नापासाला कायमची नोकरी लागली.