कोरड्या पुंगळ्या

धनश्री : अव्वा, हे आतमधी काय भरलंयस तू?

चन्नबसम्मा : भरलं कुठं? चिंच लावली, वरून राखेनं घासल्या. समई घासते तशाच. बघ की, कशा झगमगायल्यात!

धनश्री : बाहेरून! आत राखेचा चिखल झालाय. अगं, ह्या माझ्या पिस्तुलातनं उडालेल्या गोळ्यांच्या पुंगळ्या हायत. धम्मानंद सर नेमबाजीच्या क्लबात ह्यात परत दारू भरणार. आत वल राहिली तर गोळी फुसकी जाती.

चन्नबसम्मा : आता गं बाई! मला वाटलं, पितळ ते पितळ.

धनश्री : अन् सर दुपारी न्यायला यायलेत. एक जरी वली निघाली तर सगळी पिशवी वापस, असं बजावलंय त्यांनी. नव्या गोळ्या कुठंच मिळंनात. रविवारी निवडीच्या मॅचला मी काय टाळ्या वाजवायला जाऊ?

चन्नबसम्मा : नाक पूस आधी. कोमट पाणी आण. राख जाईस्तोवर खळखळ धुऊ.

धनश्री : अन् वाळवायच्या कशा? तव्यावर न्हाई हां. लय तापलं की पितळ मऊ पडतं.

चन्नबसम्मा : तवा कशाला? तुझ्या आज्याचं जुनं धोतर आण. धुतलेल्या सगळ्या त्यात टाक. दोन टोकं तू धर, दोन मी. आता तुझ्याकडून माझ्याकडं, माझ्याकडून तुझ्याकडं.

धनश्री : हळू, अव्वा! उडायल्यात!

चन्नबसम्मा : तू घाई करायलीस म्हणून. तालात ये. 'नमः' म्हणलं की तुझ्याकडं, 'शिवाय' म्हणलं की माझ्याकडं.

धनश्री : नमः... शिवाय... नमः... अगं, पाणी निघायलंय! धोतर चिंब झालं बघ!

चन्नबसम्मा : आवाज ऐक की येडे. महाराजांच्या मागं टाळकरी उभे राहिल्यावानी! चल, लय वाढव.

धनश्री : बास! हात भरून आले माझे.

चन्नबसम्मा : कीर्तन रंगात आल्यावर कुणी बास म्हणतं व्हय? नमः! ...हां. आता बाजेवर मांड उन्हात. तोंड खाली.

(दुपार. धम्मानंद सर ओसरीवर बसून एकेका पुंगळीत काडीला गुंडाळलेला कापूस फिरवत आहेत.)

धम्मानंद : ही कोरडी. ही पण.

धनश्री : सर, अजून किती बघता?

धम्मानंद : सगळ्या. पिस्तूल तुझ्या हातात असणार आहे, बाळा, माझ्या नाही.

चन्नबसम्मा : बघू दे गं त्यास्नी. ताक घ्या सर, तवर.

धम्मानंद : नको, हात मोकळा नाही. ...ही कोरडी. आणि ही शेवटची... धनश्री, क्लबात इतक्या स्वच्छ पुंगळ्या मी अजून पाहिल्या नाहीत. आजच भरायला घेतो.

धनश्री : अव्वाऽऽ! पास! सगळ्या पास!

चन्नबसम्मा : अगं खाली ठेव मला, कंबर जाईल! सर, सांगा हिला! शिवशिव, पोरगी हाय का पैलवान!

धम्मानंद : आजी, रविवारी तुम्हीही या. फक्त तिथं आवाज फार असतो. कान झाकून बसावं लागेल.

चन्नबसम्मा : झाकते की. हिचा नंबर आला की तेवढे उघडते.