बटण दाबण्याआधी

या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या रक्तसेवा मंडळाचे आधारस्तंभ भूपेंद्रभाई, शहाद्याहून वेळात वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे, व्यासपीठावरील मान्यवर, लोणखेड्यापासून कोरीटपर्यंतच्या गावांमधून आलेले रुग्ण, त्यांचे आईवडील आणि माझे सहकारी,

माझ्याबद्दल इतकं चांगलं ऐकून मी दमलो. तसा मी आधीच दमलेला होतो. सव्वीस वर्षं संगणकासमोर बसलेला माणूस आणखी कसा असणार? आता 'हेमकांतने मंडळाची माहिती जिवापाड जपली' असं भाई म्हणाले. त्यावर टाळ्याही पडल्या. भाई, तेवढं एक वाक्य मला परत करावं लागेल.

सिकलसेलच्या कोणत्या रुग्णाला कोणतं रक्त चाललं, कोणतं बाधलं, ही सगळी नोंद आपल्या डेटाबेसमध्ये असते. ते सॉफ्टवेअर आहे बीटा, म्हणजे बनवणाऱ्यांनीच 'अजून कच्चं आहे, सांभाळून वापरा' असं सांगून दिलेलं. बीटा दोनवरून बीटा तीनवर जाताना माहिती ठेवण्याची त्यांची पद्धतच बदलली. सूचनेत स्वच्छ लिहिलं होतं, आधी जुन्यातून माहिती बाहेर काढा, मग नवं टाका. कोठी बदलायची तर धान्य आधी पोत्यात भरावं लागतं, हे तुम्हाला मी काय सांगावं!

पण गेल्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, आपण मुहूर्त धरला होता. पाहुण्यांच्या हस्ते बटण दाबून उद्घाटन! माहिती बाहेर पडायला चार तास हवे होते आणि पाहुण्यांना ब्राह्मणपुरीचं लग्न गाठायचं होतं. भाई म्हणाले, "हेमकांत, पाहुण्यांना ताटकळत ठेवू नये." मला सूचना पाठ होती. तरी मी "हो भाई" म्हणालो. बटण दाबलं, नारळ फुटला, पेढे वाटले.

दुपारी कोरीटच्या सुगंधाबाई आपल्या नऊ वर्षांच्या काजलला घेऊन आल्या. पोर कळांनी गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. नवी आवृत्ती जुनी माहिती ओळखेना. जुनी परत टाकली, तर तिलाही काही उमगेना, कारण नव्या आवृत्तीने माहितीत मधेच हात घातला होता. मी म्हणालो, "ताई, काजलचं नाव दिसत नाही."

त्या म्हणाल्या, "भाऊ, मन्ही पोर आठेच बठेल शे, नि तुम्हना कॉम्प्युटरमा कशी नही?"

पोर इथे समोर बसलेली, आणि संगणकात नाही! काजलला आधी एकदा रक्त बाधलेलं. नोंदीशिवाय डॉक्टर पुढे जाईनात. पुन्हा तपासण्या झाल्या, जुळणारं रक्त मिळेपर्यंत दोन दिवस गेले. ते दोन दिवस पोर कण्हत होती आणि मी शेजारच्या खोलीत आठवड्यापूर्वीच्या प्रतीवरून एकेक नोंद उभी करत होतो. पोर वाचली, तिचं नशीब. मंडळाच्या अहवालात मात्र 'तांत्रिक अडचण' एवढंच आलं. तेही मीच लिहिलं. त्याची मला लाज वाटते.

आज पत्रिकेत छापलंय, निरोपानंतर प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते बीटा चारचं उद्घाटन. पाहुण्यांनी जरूर बटण दाबावं, आपण टाळ्याही वाजवू. फक्त भाई, त्या बटणाची वायर मी जोडलेली नाही. माहिती सकाळपासून बाहेर काढणं चालू आहे. माझ्या जागी येणारी दिपाली ती आधी दुसऱ्या संगणकावर उघडून बघेल. एकूणएक नाव दिसलं, तरच नवं टाकेल, मग त्या दिवशी अमावास्या का असेना. दिपाली, कोणी घाई केली तर "हो भाई" म्हणू नकोस, एवढंच माझं मागणं आहे.

आपण सर्वांनी मला इतकी वर्षं सांभाळून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. आज बोलताना कुणाचं नाव राहिलं असेल, शब्द वेडावाकडा गेला असेल, तर पोटात घाला. आखाजीची चूक मात्र पोटात घालू नका. ती अहवालात माझ्या नावानिशी लिहा.