विषय ग्रीनलंडचा

—नाही गं, ओल नाही ती. मीठ आहे. बाल्कनीत मिठाची पोती रचली होती ना, त्याचे डाग आहेत ते. तू राहायला यायच्या आधी रंग काढून देईन, काळजी नको. यशश्री नाव ना तुझं? बस, यशश्री. ऑफिस महादेवपुऱ्याला म्हणालीस, म्हणजे रिंग रोडवर निम्मं आयुष्य जाणारच आहे, इथे स्वल्प टेकलीस तर काही बिघडत नाही. चहा ठेवलाय. पोती कशाला होती, असं मनात आलंच असेल तुझ्या. समुद्र करायचा होता आमच्या ह्यांना. खाली, लहान मुलांच्या स्विमिंग पूलमध्ये.

हे म्हणजे पद्मनाभ. सरकारी कारखान्यात जन्मभर रडार केले, रिटायर झाल्यावर बेळ्ळंदूरला हा फ्लॅट घेतला, खिडकीतून तळं दिसतं म्हणून—तळ्याला फेस येतो हे नंतर कळलं. मुलगा निहार, तो स्कॉटलंडात, अ‍ॅबरडीनला, पवनचक्क्यांच्या कंपनीत. एकटाच असतो. दर रविवारी ह्यांचा त्याला फोन—आणि बाप-लेक बोलतात काय, तर ग्रीनलंड. म्हणजे तिथे बर्फाचा थर आहे डोंगराएवढा, तो वितळतोय, त्याचं गोडं पाणी समुद्रात उतरतंय. आता समुद्राचं पाणी खारं, त्यात थंड, म्हणून जड, ते तिकडे उत्तरेला बुडतं खाली—आणि ते बुडतं म्हणून त्याच्या जागी दक्षिणेकडून उबदार पाणी ओढलं जातं. त्या उबेवर सगळं स्कॉटलंड जगतं. पण वर गोड्या पाण्याचं झाकण बसलं की बुडणं कमी, बुडणं कमी झालं की ओढ कमी, प्रवाह मंद, आणि निहार गारठणार. मला झोपेत विचारलंस तरी सांगेन मी. तर ह्यांचं म्हणणं एकच, त्याच्या आत बेंगळूरला परत ये. का ये? तर प्रवाह मंदावतोय म्हणून. दुसरं कारण नाही.

निहार म्हणायचा, बाबा, मंदावेल हे बहुतेक खरंय, पण कधी, किती, ते कुणालाच नक्की सांगता येत नाही. हे म्हणाले, मग दाखवतोच तुला. आणि सोसायटीचे सेक्रेटरी शेषगिरी, त्यांनी परवानगी दिली—का दिली म्हणशील तर त्यांना वाटलं पाणी वाचवायचा कार्यक्रम आहे. वरती बोर्डसुद्धा लावला त्यांनी कन्नडमध्ये, पाणी जपून वापरा, आणि खाली हे पूलमध्ये पोत्यावर पोतं मीठ रिकामं करतायत. लग्नाच्या हॉलला बर्फ देतात ना, त्यांच्याकडून लाद्या आणल्या, आत नीळ घालून गोठवलेल्या. सगळी बिल्डिंग खुर्च्या टाकून बसलेली, मद्दूर वडे वाटले मी. आधी मोठ्या पूलमध्ये एक लादी सोडली, ते साधं पाणी—तर निळ्या रेघा सरळ खाली तळाला गेल्या. मग छोट्या पूलमध्ये, मिठाच्या पाण्यात. खरं सांगते, निळं सगळं वरच राहिलं, चादर अंथरल्यासारखं. खाली जाईचना. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सी ब्लॉकच्या बाईंनी विचारलं, हा प्रवाह बंद पडला तर टँकर येईल ना? आणि त्यांचे मिस्टर, हयवदन, ते पँट वर करून त्यात उतरलेच, म्हणाले गुडघ्याला बरं वाटतंय. तेव्हापासून बिल्डिंगमध्ये दोन पार्ट्या आहेत, पूल खाराच ठेवा म्हणणारे आणि गोडा करा म्हणणारे. मीटिंगला अजून भांडतात. तू राहायला आलीस तर कुणाच्याच बाजूने सही करू नकोस.

निहार होता ना हे सगळं बघत, व्हिडिओ कॉलवर. ह्यांनी फोन त्या निळ्या पाण्यावर धरला, म्हणाले, बघ, बसलं झाकण. आता बोल. तर तो म्हणाला, "बाबा, मी यायला हवाय का तुम्हाला?" स्पीकर चालू होता गं. सगळी माणसं वडे खायची थांबली. आणि हे काय म्हणाले असतील?

"विषय ग्रीनलंडचा चाललाय."

असे. फोन बंद. त्या रात्री जेवले नाहीत. आणि महिनाभरात स्वतःच गेले अ‍ॅबरडीनला. पंधरा दिवसांसाठी, पाणी मोजायला. रोज सकाळी बंदरावर जातात, दोरीला थर्मामीटर बांधून सोडतात, निहार छत्री धरतो म्हणे—ऑफिसला उशीर करून धरतो. दोघं मग तिथेच चहा पितात. पंधरा दिवसांचे तीन महिने झाले. एवढ्यावरून निष्कर्ष काढता येत नाही, अख्खा हिवाळा लागेल म्हणतात. सरी, म्हटलं, बरं तर. व्हिसा आहे सहा महिन्यांचा.

आणि आता मला सुरू केलंय. काल मेसेज होता—प्रवाह मंदावला की पावसाचा पट्टा दक्षिणेकडे सरकू शकतो, आपला मान्सून अशक्त होऊ शकतो, बेंगळूरला आधीच पाण्याचे हाल, तरी तू वेळेत निर्णय घ्यावास. खबरदारी म्हणून फ्लॅट भाड्याने लावून ठेव. म्हणून तर इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं मी, म्हणून तर तू आलीस. आता तू सांग, ह्याचा अर्थ काय? ये असाच ना? चाळीस वर्षांचा संसार, मला कळत नाही होय? पण म्हणायचं नाही. मान्सून मध्ये घालायचा. मी पण ठरवलंय, शास्त्रीय कारणासाठी मी कुठेही जाणार नाही. नीलिमा, तू ये, एवढे तीन शब्द. ते शब्द आले की चावी तुझी, तोवर—हो, तोवर फ्लॅट आहे पण आणि नाही पण. तुला घाई आहे का फार?

काय?

मी? मी कशाला म्हणू, परत या म्हणून... नाही, सांगते की मी रोज. गीझर बिघडलाय सांगितलं. टँकर आला नाही सांगितलं. शेषगिरी दोनदा विचारून गेले, तुमचा डबा घासून ठेवलाय, बाल्कनीतली तुळस जरा—सगळं सांगते. म्हणजे तेच झालं ना ते. माणसाला कळायला नको?

...

चहा संपला वाटतं तुझा. फ्लॅटचं कळवते मी. नाही, उद्या फोन नको करूस, मीच करेन. लिफ्ट बंद आहे, जिना डावीकडे. दार नुसतं ओढून घे.