रडणं घरी न्यायचंय

रुक्मिणी : पण रडणं आमच्याच बाळाचं आहे ना?

यज्ञेश : बाळ तुमचं, आजी. रेकॉर्डिंग अभ्यासाचं. ते या कॉम्प्युटरबाहेर जात नाही.

रुक्मिणी : किती रडणी आहेत आत?

यज्ञेश : दोनशे बारा. सगळी वेळेआधी जन्मलेल्या बाळांची. आवाज किती उंच चढतो, श्वास कुठे तुटतो, ते मोजतो आम्ही.

रुक्मिणी : त्यातलं एक गेलं तर काय बिघडलं, डॉक्टर?

यज्ञेश : मी डॉक्टर नाही. पीएचडी करतोय.

रुक्मिणी : होशील. आता ऐक. माझी सून, निधी, बोरीवलीला पडून आहे. टाके पिकलेत, आठवडाभर जिना उतरायचा नाही. बाळ इथे अंधेरीत, काचेच्या पेटीत. ती दूध काढून देते, माझा मुलगा सुबोध बर्फात घालून आणतो. परवा दोन बाटल्या आणल्या, काल एक. आज नुसता तळ झाकला होता. सिस्टर म्हणाली, बाळाचं रडणं कानावर पडलं की दूध येतं. हिने ते ऐकलंच नाहीये. टाके पिकायच्या आधी ही यायची, तेव्हा तो झोपलेला.

यज्ञेश : मोबाइलवर मिळतात की लहान मुलांची रडणी.

रुक्मिणी : ऐकवली. म्हणते, आई, हे गुटगुटीत रडतंय, जाहिरातीतलं. आमच्या वेळी कुणाचंही चालायचं. जोगेश्वरीच्या चाळीत भिंतीपलीकडे रतनचा मुलगा रडला की माझा पदर ओला. सुबोध आपला झोपलेला. मग त्या मुलालाच आणून पाजायची मी. आता कॅनडात असतो तो. रडला तरी ऐकू येत नाही.

यज्ञेश : आजी, घरच्यांना इथे बसून ऐकवता येतं. फॉर्मवर तेवढंच आहे.

रुक्मिणी : फोन लावून शेजारी धरला तर?

यज्ञेश : फोन वॉचमनने बाहेर ठेवून घेतला ना? तोही नियमच.

रुक्मिणी : बरं. ऐकव.

(हेडफोन. सतरा सेकंद.)

रुक्मिणी : परत.

यज्ञेश : सहा वेळा झालं, आजी.

रुक्मिणी : सातव्यांदा लाव. हं. आता तू ऐक. आँऽऽ! आँऽऽ!

यज्ञेश : काय करताय?

रुक्मिणी : पाठ करतेय. पाठ करू नये असं आहे का फॉर्मवर?

यज्ञेश : … नाही. तसं काही नाही.

रुक्मिणी : मग सांग, जमलं का?

यज्ञेश : थांबा, माइक लावतो. नाही जमलं. ही वरची रेघ बाळाची, ही तुमची. तुम्ही फार खाली आहात.

रुक्मिणी : बहात्तर वर्षांची आहे मी.

यज्ञेश : आणि तुम्ही भांडल्यासारखं रडताय. याच्यात एवढा दम कुठला? तिसाव्या आठवड्यात आलाय तो. एक बारीक आवाज, मग श्वास. मग दोन तुटके. मग बराच वेळ काहीच नाही.

रुक्मिणी : ते काहीच नाही, तेव्हा जीव जातो रे माझा.

यज्ञेश : ते पण करायचं.

रुक्मिणी : अंइंऽ… अं. अं.

यज्ञेश : जवळ आलात. घशातून नको, नाकातून काढा. शेवट उचलू नका, पडू द्या.

रुक्मिणी : अंइंऽ…

यज्ञेश : पाणी प्या थोडं. पुन्हा.

रुक्मिणी : अंइंऽ… अं. अं.

यज्ञेश : हे ठेवा. मशीनला अजून फरक दिसतोय. मला ऐकताना नाही कळला.

रुक्मिणी : चल बाहेर, फोन लावून दे. विसरायच्या आत.

निधी : हॅलो, आई? बाळ बरं आहे ना?

रुक्मिणी : छान आहे. बोलू नकोस, नुसतं ऐक. तो असा रडतो. अंइंऽ… अं. अं.

निधी : …

रुक्मिणी : …

निधी : थांबलात का?

रुक्मिणी : तो असाच थांबतो गं मध्ये. अंइंऽ… अं. निधी? आहेस ना?

निधी : आहे. आई, बाटली कुठे ठेवलीत?

रुक्मिणी : ओट्यावर, स्टीलच्या टोपात. उकळून ठेवलीय, पण आधी हात…

निधी : मी बघते सगळं. तुम्ही रडत राहा.