अणूच्या आत हवा नसते

थांबा हो जब्बारभाई, डबा काही एवढ्यात गार होत नाही — या खिडकीशी या जरा. दार? दार नाही उघडता यायचं, शारदा ऑफिसला जाताना बाहेरून कुलूप लावते. सून आहे, काळजी करते. मागे मी मेहकरला म्हणून निघालो आणि दुसरबीडला उतरलो ना, तेव्हापासून. बस चुकते माणसाची — चुकते की नाही? असो. तुम्ही मलिहाच्याच शाळेत, लेकीचा डबा द्यायला निघालात ना? मधल्या सुट्टीनंतर तिचा विज्ञानाचा पेपर आहे. तिला एक निरोप द्या. म्हणावं, अणूच्या आत हवा नसते. एवढंच.

हसू नका हो. सकाळी इथंच बसली होती तुमची पोरगी. मी म्हटलं, आपलं लोणारचं अख्खं विवर म्हणजे एक अणू धर. मधोमध एक लिंबू ठेव, ते केंद्रक — प्रोटॉन, न्यूट्रॉन सगळे त्या लिंबात दाटीवाटीनं. आणि इलेक्ट्रॉन? ते बाहेर, पार काठापर्यंत, डोळ्याला दिसणार नाहीत इतके बारीक. खूश झाली. मग विचारते, "सर, मंग मधात काय हाये?" आणि मी — जन्मभर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलेला माणूस — म्हणालो, हवा! विवर डोळ्यांपुढं होतं, विवरात हवा असते, गेलं तोंडातून. म्हणालो ना? की मला आता तसं वाटतंय? नाही, म्हणालोच. ती मान डोलावून गेली, शारदा गेली, कुलूप लागलं, आणि मग माझ्या लक्षात आलं. तुम्ही गवंडी, तुम्हाला लगेच कळेल — भिंत विटांची असते, पण विटेच्या आत भिंत असते का? हवाच मुळात अणूंची, ती अणूच्या आत कशी असेल? तिथं काही नाही. रिकामी जागा.

फक्त — सर चुकले असं नका म्हणू. पुस्तकात असं दिलंय म्हणा. शारदा म्हणालीय, "बाबा, आता काही घोळ झाला तर मी मलिहाले येऊ नको म्हणून सांगीन, उगाच पोरीचं नुकसान." आणि ती आली नाही तर दिवसभर मी बोलू कुणाशी? या गजांशी? काय? तुमचं ऐकायची नाही म्हणता? "सरांनी सांगितलंय" म्हणेल? हो — म्हणेलच. परवा शाळेतल्या बाईंशी भांडली म्हणे, आमचे सर असंच सांगतात म्हणून. तुमचं नाही ऐकणार, पुस्तकाचंही नाही. माझं नाव घेतल्याशिवाय ती हवा तिच्या डोक्यातून निघायची नाही.

बरं. मग सांगा. सर चुकले म्हणा, सरांनीच कबूल केलं म्हणा. शारदाला तुम्ही नका सांगू — मी सांगेन, कुलूप उघडल्यावर. अहो, माझ्याकडे असे बघत काय राहिलात जब्बारभाई? घंटा होईल तिकडे. जा ना — जा!