कायम होईपर्यंत

मोजे बदलून घ्यायला दुकानात आलेल्या मुलीच्या पुढे एकच गिऱ्हाईक होतं, काउंटरमागच्या मावशींशी बोलणारी एक तरुण बाई.

"मावशी, पोट दिसणार नाही, पण आवळणारही नाही, असं शेपवेअर दाखवा."

"दोन्ही एकात कसं मिळेल, ताई? हे नायलॉनचं बघा, पोट एकदम सपाट."

"नको, ह्यात जीव घुसमटतो."

"मग हे सुती घ्या, लायक्रा नावापुरतंच. घाम टिपतं, वळ उठत नाहीत. पण पोट फारसं झाकत नाही हो."

"दोन महिने निभावलं की झालं. मग नोकरीत कायम करतात."

"कितवा महिना?"

"चौथा."

"अगं बाई! आधी नाही का सांगायचं?"

"साहेबांना कळलं तर संपलंच. दोघींना असंच घरी बसवलंय."

"मला सांगतेस? मीही ह्याच काउंटरमागे नायलॉननं पोट आवळून दहा-दहा तास उभी राहिलेय."

"मग? केलं कायम?"

"केलं की. वीस वर्षं झाली."

"म्हणजे बाळही वीस वर्षांचं झालं असेल!"

मावशींनी नायलॉनची खोकी उचलून मागच्या फळीवर ठेवली.

"सुतीच घे, पोरी. आणि एक साइज मोठं घे."