बुडत नाही म्हणजे नाही!

आणि वर मलाच विचारतात हो, "मास्तर, तुमचं गलबत बुडत का नाही?" आता घ्या! चाळीस वर्षं नावा बांधतोय, पुंता बेर्तीनाच्या अख्ख्या किनाऱ्यावर कुणालाही विचारा, लहान पोरसुद्धा सांगेल: निकानोरची नाव बुडत नाही! पण बुडत नाही म्हणून शिव्या खाणारा मी पहिलाच असेन, तुम्हाला सांगतो!

झालं काय, राजधानीतून आले ते दिग्दर्शक, डॉन एवारिस्तो. उन्हात काळा कोट, पायात पांढरे बूट... वाळूत! म्हणाले, "तीनशे वर्षांपूर्वी तुमच्या किनाऱ्यासमोर 'सांता रुफिना' बुडालं ना? मनिलाहून रेशीम घेऊन येणारं? त्याच्यावर सिनेमा काढतोय. कप्तानाची मुलगी, साधा खलाशी, प्रेम, वादळ, ताटातूट! गलबत तुम्ही बांधायचं. आणि शेवटच्या दिवशी ते बुडलं पाहिजे."

मी म्हटलं, साहेब, तरंगणारं सांगा. बुडणारं मला शिकवलंच नाही कुणी!

"मास्तर, भोकं पाडा, दट्टे मारा, दट्ट्यांना दोर बांधा. मी हात वर केला की दोर ओढायचे. सोप्पं!"

सोप्पं! पण खरं सांगू? हुरळलो मी. आयुष्यभर सहा वाव लांबीच्या मासेमारीच्या होड्या केल्या, आणि एकदम तीन डोलकाठ्यांचं गलबत! सात महिने खपलो. जेवताना फळ्या, झोपेत फळ्या. बायको, रेफुहिओ, म्हणायची, "माझ्याकडे कधी असं बघितलं नाहीस मेल्या!"

तर गलबत तयार. आणि दिग्दर्शक म्हणतात, उद्या पाण्यात ढकला. ढकला? बारसं न करता? आमची रेफुहिओ पदर... पदर कुठला, एप्रन खोचून उभी राहिली. "ज्या नावेवर पवित्र पाणी पडलं नाही, ज्या नावेला धर्मबाप नाही, ती माझ्या घरातून पाण्यात जाणार नाही!" मग काय, आले फादर इलारिओ, आला बँड, मक्याच्या पानांत उकडलेले हंडाभर तमालेस, अख्खं गाव. धर्मआई म्हणून उभी केली सिनेमाची नायिका, आणि धर्मबाप कोण? खुद्द डॉन एवारिस्तो! फादर म्हणाले, "हे प्रभू, या गलबताला कधीही जलसमाधी मिळू देऊ नकोस." आणि सगळ्यात मोठ्यानं 'आमेन' कोण म्हणालं? डॉन एवारिस्तो! एका हातात फोन, दुसऱ्या हातात तमाल. कशाला आमेन म्हणतोय हे बघायला नको का माणसानं?

पाच दिवस पाण्यावर शूटिंग झालं. काय डौल होता हो! आणि उजाडला बुडायचा दिवस. नायक-नायिका डोलकाठीला मिठी मारून. "रोसाल्बा, आता देवाच्या दारी भेटू!" डॉन एवारिस्तोंनी हात वर केला, खाली होड्यांत बसलेल्या बारा कोळ्यांनी दोर ओढले... काही नाही! पुन्हा ओढले. दोर तुटले, कोळी पाण्यात पडले, गलबत आपलं मजेत डुलतंय! "रोसाल्बा, देवाच्या दारी भेटू!" चौदा वेळा! शेवटी रोसाल्बा ओरडली, "भेटू, पण आधी ह्याला कांदा खाणं बंद करायला सांगा!"

किनाऱ्यावर जल्लोष! चमत्कार! बायका गुडघे टेकून बसल्या. आमचा चुय, माझ्या थोरल्याचा धर्मबाप, म्हणजे माझा कोंपाद्रे, माझ्याकडून नवी होडी करून घेणार होता, तो नाचत ओरडतोय, "निकानोरची नाव बुडत नाही!" आणि रेफुहिओ धावली दिग्दर्शकावर, "धर्मबाप झालात आणि लेकराला बुडवता? लाज नाही वाटत?"

मला मात्र कळलं होतं. दट्टे केले होते कोरड्या लाकडाचे, माझ्या हातच्या सवयीनं, अगदी चपखल. पाच दिवस पाणी पिऊन फुगले आणि बसले गच्च! चमत्कार कसला डोंबलाचा!

डॉन एवारिस्तो वाळूत बसले. पांढऱ्या बुटांत पाणी. म्हणाले, "मास्तर, सात वर्षं या एका दृश्यासाठी जगलो. उद्या नट निघून जाणार. तासाभराचं ऊन उरलंय." आणि रडले हो, लहान पोरासारखे!

आता बोला! बुडवावं तर माझं नाव जातं, न बुडवावं तर ह्या माणसाची सात वर्षं जातात. त्यांची माणसं कुऱ्हाडी घेऊन निघाली. मी म्हटलं, थांबा! माझ्या लेकराला परका हात लागायचा नाही. आणि मी स्वतः उतरलो तळाशी. एकेक दट्टा कुऱ्हाडीनं फोडला. चाळीस वर्षांत माझ्या नावेच्या आत पाणी शिरताना कधी ऐकलं नव्हतं... ऐकलं. घोट्याला लागलं, गुडघ्याला लागलं, आणि मी, साठीचा बाप्या, ढसाढसा रडलो, तुम्हाला सांगतो.

पण वर येऊन पोहत किनारा गाठला, मागे वळून बघितलं, आणि अहाहा! काय बुडालं म्हणून सांगू! आधी नाक वाकवलं, मग शिडं पाण्यावर पसरली, शेवटची डोलकाठी सावकाश, मानानं खाली गेली! नट मंडळींना आमच्या होड्यांनी उचललं, आणि टाळ्या कुणी वाजवल्या पहिल्या? मी! अहो, असं सरळ, न कलंडता बुडायलासुद्धा बांधणी चोख लागते!

पुढे सिनेमा आला. चर्चच्या भिंतीवर चादर लावून गावानं बघितला, हुंदके देत. संपल्यावर चुय आला, माझ्या डोळ्यांत न बघता म्हणाला, "कोंपाद्रे, ती माझी होडी... राहू दे. फायबरची घेतोय मी." म्हटलं, अरे, मी कुऱ्हाडीनं फोडलं ते! म्हणाला, "ते ठाऊक आहे रे मला. पण समुद्रात गेल्यावर माझ्या डोळ्यांपुढे तेच येणार."

तरी काम आहे हं, नाही असं नाही. चाळीस वर्षं माझ्या नावा तरंगत राहिल्या, त्याबद्दल कुण्या मायेच्या पुतानं फोन केला नाही. एक बुडाली, तर तीन देशांतून फोन आले... तिघांनाही बुडवायलाच हवीय!